गणंग दाणा, सुप्त बीज आणि मृत बीज

मोड आणण्यासाठी मटकी रात्रभर पाण्यात भिजत घातली असता सकाळपर्यंत तिचे बहुतेक दाणे फुगून मऊ होतात. तथापि पसाभर मटकीत काही दाणे असे आढळतातच की, ज्यांच्यावर पाण्याचा यत्किंचितही परिणाम झालेला नसतो. ते खड्यासारखे टणक राहतात, शिजवले तरी शिजत नाहीत आणि अखेर जेवणाराच्या दाताखाली येतात. अशा दाण्यास मराठीत गणंग म्हणतात. आणि ज्याच्यावर कशाचाच परिणाम होत नाही अशा निगरगट्ट माणसालाही लक्षणेने हाच शब्द लावला जातो. स्वयंपाकघराच्या दृष्टीने गणंग हा टाकाऊ दाणा होय. बीजशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो बहुधा जिवंत असतो. किंबहुना त्या पसाभर दाण्यांत सर्वांत दीर्घ काळ तग धरण्याची पात्रता त्याच्याच अंगी असण्याचा संभव अधिक असतो.

हा विरोध केवळ मौजेचा नाही. पेरलेले बी ठरल्या दिवसांत वर आले नाही म्हणजे ‘बी मेले’ असे आपण सहज म्हणून जातो, आणि या एका वाक्प्रयोगाखाली परस्परांहून अगदी भिन्न अशा अनेक अवस्था झाकल्या जातात. त्यांतील भेद न ओळखल्यामुळे कधी जिवंत बी उकिरड्यावर जाते, कधी मेलेल्या बियाण्यावर औषधांचा व्यर्थ खर्च होतो, तर कधी टणक बियांसाठी सांगितलेला उपाय जुन्या व दुबळ्या बियांवर करून त्यांच्यात उरलेला थोडासा जीवही घालवला जातो. एखाद्या जुन्या वाणाचे मूठभरच बियाणे शिल्लक असेल तर ही चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही. म्हणून न उगवणाऱ्या बियांचे प्रकार कोणते, प्रत्येकाच्या हट्टाचे कारण काय आणि त्यावर इलाज कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. एक शब्द, अनेक अवस्था

मराठीत बीजवाचक शब्दांची वाण नाही. बी, बीज आणि बियाणे हे शब्द सर्वपरिचित आहेत. ऊस, हळद, आले यांच्या लागवडीसाठी राखलेल्या कांड्यांना वा गड्ड्यांना बेणे म्हणतात. आंब्याची कोय, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका अशी फळागणिक नावेही निराळी आहेत. उगवण्याच्या क्रियेसाठीही उगवणे, रुजणे, अंकुरणे, मोड येणे, कोंब फुटणे असे अनेक शब्द आहेत. न उगवण्याच्या अवस्थांसाठी मात्र इतका नेमका शब्दसंग्रह नाही, आणि शास्त्रीय लेखनात आलेली ‘सुप्तावस्था’ ही संज्ञाही सैलपणे वापरली जाते.

वस्तुतः येथे चार अवस्था वेगळ्या मानावयास हव्यात. ज्या बीच्या आत गर्भच धरला नाही ते पोचट बी. ते कधी जिवंतच नव्हते. ज्याचा गर्भ एकेकाळी जिवंत होता पण आता नष्ट झाला ते मृत बी. जे डब्यात कोरडे पडून आहे आणि पाणी, हवा व योग्य उष्णता मिळताच उगवेल ते केवळ थांबलेले बी. त्याला सुप्त म्हणणे योग्य नव्हे. आणि ही सर्व अनुकूलता मिळूनही जे जिवंत असताना उगवत नाही, तेच खऱ्या अर्थाने सुप्त बी होय. उपायांचा विचार करताना प्रथम या चारांपैकी कोणती अवस्था आहे हे ठरवावे लागते.

२. उगवण म्हणजे काय

कोरड्या बियांत पाण्याचा अंश अत्यल्प असतो आणि त्यांचे श्वसन जवळजवळ थंडावलेले असते. बियांना पाणी मिळाले की प्रथम ते पाणी शोषून फुगतात. ही क्रिया निव्वळ भौतिक आहे. मेलेले बीही पाण्यात फुगते. म्हणून फुगणे हा जिवंतपणाचा पुरावा मानता येत नाही. फुगल्यानंतर जिवंत बियांत श्वसन वेग घेते, साठवणीत झालेली पेशींची मोडतोड दुरुस्त होऊ लागते, साठवलेल्या अन्नाचे रूपांतर सुरू होते आणि अखेर मूळांकुर कवच भेदून बाहेर येतो. मूळांकुर बाहेर पडला म्हणजे उगवण झाली असे शास्त्रज्ञ मानतात. शेतकऱ्याची उगवण मात्र रोप मातीवर आल्यावरच पूर्ण होते. प्रयोगशाळेतील आकडा आणि शेतातील अनुभव यांत जो फरक पडतो त्याचे एक कारण या दोन व्याख्यांच्या अंतरात आहे.

या क्रमावरून असे दिसून येते की, अडथळा दोन ठिकाणी येऊ शकतो. पाणी आतच जाऊ शकत नसेल तर दोष कवचाचा. पाणी आत जाऊनही पुढची पायरी घडत नसेल तर कारण गर्भात किंवा त्याच्या लगतच्या आवरणांत शोधावे लागते.

३. कवचाचा हट्ट

शिंबावर्गातील, म्हणजे शेंगा धरणाऱ्या कुळातील, अनेक बियांच्या कवचात उभ्या, दाट व जाड भित्तींच्या पेशींचा एक थर असतो. बी पुरते वाळले की हा थर पाण्याला अभेद्य होतो. गणंग मटकी, गुंज, सागरगोटा, बाभूळ, चिंचोका ही याची परिचित उदाहरणे होत. सागरगोटा समुद्राच्या पाण्यावर दीर्घकाळ तरंगत जाऊन दूरच्या किनाऱ्यावर लागतो आणि तेथे रुजू शकतो, याचे कारण खाऱ्या पाण्याचा थेंबही त्याच्या आत शिरत नाही. मुलींच्या खेळात पिढ्यान्पिढ्या तोच वापरला गेला, यामागेही त्याचा हा टणकपणाच आहे. गुंजेची गोष्ट याहून बोलकी आहे. सोनाराच्या तराजूत तिला वजन म्हणून स्थान मिळाले. पावसाळ्यातील दमट हवेत जे बी ओलावा घेते आणि उन्हाळ्यात टाकते त्याचे वजन ऋतूगणिक बदलणार. गुंजेचे कवच ओलावा घेत नाही, म्हणून तिचे वजन फारसे हलत नाही. ज्या गुणामुळे ती तराजूत बसली त्याच गुणामुळे ती मातीत सहज रुजत नाही.

येथे शब्दाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. न शिजणाऱ्या सर्वच दाण्यांना आपण गणंग म्हणत असलो तरी त्यांत दोन प्रकार मिसळलेले असतात. एक, पाणीच न शोषणारा दाणा. दुसरा, पाणी शोषून फुगतो पण उष्ण व दमट जागी फार दिवस राहिल्यामुळे शिजताना मऊ होत नाही असा दाणा. पहिला टणक कवचाचा व बहुधा जिवंत. दुसरा जुना झालेला व पुष्कळदा उगवणशक्ती गमावलेला. रात्रभर भिजवल्यावर दाणा फुगला की नाही, एवढ्या एका निरीक्षणाने दोहोंतील भेद कळतो.

टणक कवचावरील सर्व उपायांचे तत्त्व एकच आहे : गर्भाला इजा न करता कवचात पाण्यासाठी वाट पाडणे. बिया थोड्या असतील तर कानस किंवा खरखरीत कागद यांवर एका बाजूस इतकेच घासावे की, आतील फिकट रंग दिसू लागेल. देठाच्या खुणेजवळ, म्हणजे नाभीपाशी, मूळांकुर असतो. म्हणून नाभीच्या विरुद्ध बाजूस घासणे इष्ट. गुंजेचे बी अतिशय विषारी असल्यामुळे ते घासताना उडणारी भुकटी श्वासावाटे वा तोंडावाटे पोटात जाणार नाही याची दक्षता घ्यावी. लहान मुलांच्या हाती हे काम देऊ नये. बिया पुष्कळ असतील तर उकळते पाणी चुलीवरून उतरवून त्यात त्या टाकाव्या आणि पाणी आपोआप निवेपर्यंत रात्रभर तशाच ठेवाव्या. बाभूळ व सुबाभूळ यांच्या बियांसाठी ही रीत प्रचलित आहे. उकळी चालू असताना बी शिजवणे हा मात्र उपाय नसून नाश होय. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेराव्या आणि न फुगलेल्यांवर तीच क्रिया पुन्हा करावी. रोपवाटिकांत तीव्र गंधकाम्लाचाही उपयोग करतात. परंतु त्याची मुदत प्रत्येक जातीस निराळी असते आणि धोका मोठा असतो, म्हणून ते काम शिकलेल्या हातांनी व साधनांनिशीच व्हावे.

निसर्गात हेच काम उन्हाची धग, वणवा, मातीतील घर्षण आणि जनावरांचे पोट यांच्याकडून होते. शेळ्यामेंढ्या बाभळीच्या शेंगा खातात आणि काही बिया लेंड्यांतून किंवा रवंथ करताना बाहेर पडतात. शेळ्या बसतात तेथून असे बी गोळा करण्याची रीत या तत्त्वाला धरूनच आहे. तथापि या विचाराचा अतिरेकही झालेला आहे. मॉरिशस बेटावरील तांबालाकोक नावाच्या वृक्षाचे बी डोडो पक्ष्याच्या पोटातून गेल्यावाचून रुजत नसे आणि तो पक्षी नामशेष झाल्यामुळे वृक्षही संपत चालला, असे मत १९७७ मध्ये स्टॅन्ली टेंपल यांनी मांडले. ते फार लोकप्रिय झाले. परंतु त्या वृक्षाच्या बिया पक्ष्यावाचूनही रुजतात असे पुढे इतर अभ्यासकांनी दाखवून दिले. सुंदर कथा आणि सिद्ध झालेले कारण यांत अंतर राखणे भाग आहे.

४. गर्भाचा हट्ट

काही बिया पाणी शोषतात, फुगतात आणि तरीही उगवत नाहीत. येथे अडथळा रासायनिक असतो. बियांतील अॅब्सिसिक आम्ल उगवण रोखून धरते आणि जिबरेलिन तिला चालना देते. या दोहोंच्या तोलावर निर्णय अवलंबून असतो. जिबरेलिनचा शोध बीजशास्त्रातून न लागता भाताच्या एका रोगातून लागला. जपानमध्ये ‘बाकानाए’ म्हणजे ‘वेडगळ रोप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगात रोपे अवाजवी उंच वाढून कोलमडतात. त्या बुरशीने स्रवलेले द्रव्यच ही वाढ घडवते असे एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले आणि १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्यास जिबरेलिन हे नाव दिले. आज चंदनाचे बी ०.०५ टक्के जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात रात्रभर भिजवून पेरण्याची पद्धत रोपवाटिकांत रूढ आहे. एरवी ते बी फार उशिरा व विखुरलेल्या रीतीने उगवते.

हा हट्ट पिकाच्या हिताचाही असतो. ताज्या भातास काही आठवडे सुप्तावस्था नसेल तर कापणीच्या वेळच्या पावसात लोंबीवरच मोड येतात. पसऱ्या भुईमुगाच्या दाण्यांत ती असते, म्हणून काढणी लांबली तरी जमिनीतील शेंगा सहसा कोंबारत नाहीत; उपट्या जातींत बहुधा ती नसल्यामुळे उशीर झाल्यास नुकसान होते. ताजे भात लगेच पेरावयाचे असल्यास ते सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या कोरड्या उष्णतेत काही दिवस ठेवून सुप्तावस्था मोडता येते. अन्यथा काळ हाच तिचा उत्तम इलाज होय.

काही बियांना प्रकाशाची खूण हवी असते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे १९५२ मध्ये बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी यांनी सॅलड पानांच्या, म्हणजे लेट्यूसच्या, बियांवर प्रयोग केले. तांबड्या प्रकाशाने बी उगवण्यास प्रवृत्त होते आणि अतिरक्त प्रकाशाने परावृत्त होते. दोन्ही आलटून पालटून दिल्यास शेवटी दिलेला प्रकाश निर्णायक ठरतो, असे त्यांना आढळले. दाट पानांखाली पोहोचणाऱ्या उजेडात अतिरक्त भाग अधिक असतो. म्हणजे वर दुसऱ्या झाडांची सावली आहे हे त्या बियांस कळते. अशा बारीक बिया खोल पेरल्या तर त्या उगवत नाहीत यात नवल नाही. त्या मातीवर टाकून हलकेच दाबणे पुरेसे असते. थंड प्रदेशांतील सफरचंदादी वृक्षांच्या बियांस तर ओल्या वाळूत कित्येक आठवडे गारव्यात ठेवावे लागते, कारण हिवाळा सरला याची खात्री पटल्यावाचून त्या उगवत नाहीत.

सागाच्या बाबतीत अडथळा मिश्र स्वरूपाचा आहे. आपण ज्याला सागाचे बी म्हणतो ते वस्तुतः फळ असून, जाड व कठीण आवरणाच्या आत एक ते चार बिया असू शकतात. ही फळे काही दिवस आळीपाळीने पाण्यात भिजवणे व उन्हात वाळवणे हा रोपवाटिकांतील जुना उपाय आहे. त्याने आवरण सैल होते आणि उगवण सुधारते.

५. दहिवर, धूर आणि जुने ग्रंथ

भिजवणे व वाळवणे यांचा उल्लेख भारतीय वाङ्मयात फार प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, सीताध्यक्षाच्या म्हणजे शेतीवरील अधिकाऱ्याच्या प्रकरणात, धान्याचे बी रात्री दहिवरात व दिवसा उन्हात सात दिवसांपर्यंत ठेवावे आणि शेंगांच्या धान्यांस ही मुदत कमी असावी, असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी ‘अस्थिबीज’ असा एक वर्ग स्वतंत्र करून त्यावर शेणाचा लेप सांगितला आहे. मुंबई विद्यापीठातर्फे १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध झालेल्या रा. पं. कंगले यांच्या आवृत्तीमुळे हा ग्रंथ अभ्यासकांस विश्वसनीय स्वरूपात उपलब्ध आहे. कठीण बियांस निराळे नाव देऊन निराळा उपचार सांगणे, ही गोष्ट त्या काळच्या निरीक्षणाची साक्ष देते.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात याहून विस्तृत विधी आढळतो. बी दहा दिवस दुधात ठेवणे, तुपाच्या हाताने चोळणे, शेणात घोळवणे आणि मांसाच्या धुराने धुपवणे असा त्याचा क्रम आहे. या विधीतील प्रत्येक पायरीस आधुनिक आधार शोधणे योग्य होणार नाही. ते द्रव्य पुष्टिकारक म्हणून योजले असावे असे संदर्भावरून वाटते. तथापि धुराचा उगवणीशी खरोखरच संबंध असू शकतो, हे विज्ञानाने अगदी अलीकडे मान्य केले. दक्षिण आफ्रिकेतील एका दुर्मिळ झुडपाच्या बिया धुराच्या संस्काराने उगवतात असे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००४ मध्ये धुरातील तो कार्यकारी रेणू ओळखला गेला. या वर्गातील द्रव्यांस ‘कॅरिकिन’ म्हणतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागातील नूंगार या आदिवासी भाषेत ‘करिक’ म्हणजे धूर. वणव्यानंतर रान पुन्हा कसे हिरवे होते हे पिढ्यान्पिढ्या पाहणाऱ्या लोकांच्या भाषेतून ही संज्ञा घेतली गेली, हे उचितच झाले.

कोकण व मावळ भागांत भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची चाल आहे. तेथे शेण, पाला व काटक्या यांचे थर पेटवून रोपांची जागा तयार करतात. त्याचा प्रमुख लाभ तणांचे बी जळणे व राखेचे खत मिळणे हा होय. भाताच्या उगवणीसाठी धूर आवश्यक असतो असे यावरून म्हणता येणार नाही. साम्य दिसताच कार्यकारणभाव जोडण्याचा मोह येथेही टाळला पाहिजे.

६. बियाण्याचे वय

आता जुन्या बियांचा प्रश्न. बी म्हातारे होते म्हणजे त्याच्या पेशींची पटले झिजतात, प्रथिने व जनुकद्रव्य यांत मोडतोड साठत जाते आणि दुरुस्तीची यंत्रणा अपुरी पडते. ही झीज मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : बियांतील ओलावा आणि साठवणीची उष्णता. हॅरिंग्टन यांनी यासंबंधी एक व्यवहार्य नियम दिला आहे. बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला, किंवा साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवले, तर आयुष्य सुमारे दुप्पट होते. हा नियम ठराविक मर्यादांतच लागू आहे, परंतु घरगुती साठवणीचे मर्म त्यात आले. वाळवलेले बी राखेत घोळवून ठेवणे, मक्याची कणसे चुलीच्या वर आढ्याला टांगणे या जुन्या रीतींचा एक लाभ बी कोरडे राखणे हा होता.

बी किती काळ जगू शकते याचे काही निश्चित दाखले आहेत. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील यांनी १८७९ मध्ये विविध वनस्पतींच्या बिया वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि त्या पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उघडली जाते. २०२१ मध्ये, म्हणजे सुमारे १४१ वर्षांनी उघडलेल्या बाटलीतही व्हर्बॅस्कम या तणाच्या बिया उगवल्या. चीनमधील पुलांदिएन येथील कोरड्या तळ्याच्या मातीत सापडलेले कमळाचे एक बी सुमारे १३०० वर्षांचे असल्याचे किरणोत्सर्गी कर्बाच्या कसोटीने ठरले, आणि ते उगवले, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. कमळाचे कवचही पाणी व हवा यांना जवळजवळ अभेद्य असते; तेही एका अर्थाने गणंगाच्याच पंक्तीत बसते.

याहून जुना दाखला खजुराचा. मृत समुद्राजवळील मसादा या किल्ल्याचे उत्खनन १९६३ ते १९६५ या काळात यिगाएल यादिन यांनी केले. तेथे मिळालेल्या खजुराच्या बिया अनेक दशके पडून होत्या. २००५ मध्ये सारा सॅलन यांच्या प्रयत्नाने मिळालेल्या तीन बियांवर इलेन सोलोवे यांनी संस्कार केले. प्रथम गरम पाण्यात भिजवून कवच मऊ केले, मग जिबरेलिक आम्ल, मुळे फुटण्यास साहाय्यक द्रव्य आणि सौम्य खत यांचा क्रमाने उपयोग केला. तिहींपैकी एक उगवली. तिच्या कवचाच्या मुळाशी चिकटून राहिलेल्या तुकड्यांवरून तिचे वय सुमारे २००० वर्षे ठरले. पुढे आणखी सहा प्राचीन बिया उगवल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र सर्वच कथा अशा खऱ्या नाहीत. इजिप्तच्या थडग्यांतील गहू उगवल्याच्या वार्ता एकोणिसाव्या शतकापासून सांगितल्या जात; तो गहू तपासणीत मृतच ठरला आहे. आर्क्टिक प्रदेशातील ल्युपिनच्या १०,००० वर्षांच्या बिया उगवल्या असा दावा १९६७ मध्ये झाला होता. २००९ मध्ये त्या बिया विसाव्या शतकातीलच असल्याचे सिद्ध झाले. बीचे वय ते सापडलेल्या जागेवरून ठरत नाही, खुद्द बीवरूनच ठरते, हा यातील बोध होय.

७. जुन्या बियाण्यास साहाय्य

टणक बीला वाट पाडून द्यावी लागते. जुन्या बीला मात्र जपावे लागते. दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. घेवडा, सोयाबीन यांसारख्या बियांचे जुने कोरडे दाणे एकदम पाण्यात बुडवले असता पाणी वेगाने आत शिरून झिजलेली पटले फाटतात आणि आतील द्रव्ये बाहेर झिरपतात. त्यावर बुरशी पोसते आणि बी कुजते. म्हणून जुन्या बियांस प्रथम वाफेच्या रूपाने ओलावा द्यावा. झाकणाच्या डब्यात तळाशी ओले फडके ठेवून, त्याला न लागेल अशा बेताने जाळीवर बिया पसराव्या आणि डबा एकदोन दिवस सावलीत ठेवावा. नंतर त्या ओलसर, निथळलेल्या कापडात गुंडाळाव्या. उष्णता बेताची असावी. बुरशी धरलेले दाणे दररोज वेगळे काढावे आणि मूळांकुर दिसताच एकेक दाणा निर्जंतुक केलेल्या हलक्या मातीत लावावा. जुन्या बियांस उशीर लागतो. म्हणून नेहमीची मुदत संपली एवढ्यावरून निराश होऊन कापड टाकून देऊ नये. सर्व दाणे एकाच वेळी वापरू नयेत; काही पुढील प्रयत्नासाठी राखावेत.

दाणा जिवंत आहे की नाही हे उगवण्याची वाट न पाहता कळावे, यासाठी जर्मनीतील गेओर्ग लाकोन यांनी टेट्राझोलियमची कसोटी रूढ केली. त्या द्रावणात श्वसन करणारा भाग तांबडा होतो व मृत भाग फिकट राहतो. प्रयोगशाळेत गर्भ अलग करून पोषक द्रव्यावर वाढवण्याचा मार्गही उपलब्ध आहे. परंतु जेथे गर्भ पूर्णपणे मृत आहे तेथे यांपैकी कोणताही उपाय चालत नाही. जिबरेलिन सुप्त बीला जागे करते. मृत बीला ते जीवन देऊ शकत नाही.

पिकाच्या बियाण्याबाबत हा विचार थेट संसाराशी भिडतो. २०२० च्या खरिपात मराठवाडा व विदर्भ येथे सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. २०१९ च्या काढणीत अवकाळी पावसाने भिजलेले बियाणे हे त्याचे एक कारण सांगितले गेले. सोयाबीनचे कवच पातळ व नाजूक असते. त्याचा प्रश्न सुप्तीचा नसून ऱ्हासाचा आहे. त्याच्या प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवणशक्ती आवश्यक मानली आहे. ही तपासणी घरी करता येते. ढिगाच्या निरनिराळ्या भागांतून घेतलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहादहाच्या ओळींत मांडून गोणपाट गुंडाळावे, ते ओलसर ठेवावे आणि सुमारे आठवड्याने चांगले कोंब मोजावे. ही मोजणी पेरणीपूर्वी झाली तर उणीव भरून काढण्यास अवकाश मिळतो. पेरणीनंतर कळले तर पाऊस व पैसा दोन्ही निघून गेलेले असतात.

८. दुसऱ्या प्रकारचा हट्ट

अखेरीस एका संज्ञेचा घोटाळा दूर केला पाहिजे. आंबा, फणस, जांभूळ यांच्या बिया वाळवून साठवता येत नाहीत. वाळल्या की त्या मरतात. इंग्रजी शास्त्रीय भाषेत अशा बियांना १९७३ पासून ‘हट्टी’ या अर्थाचे विशेषण लावले जाते. हा हट्ट साठवणीविरुद्धचा आहे, उगवणीविरुद्धचा नाही. ताजी कोय विनासायास रुजते. या संज्ञेचा शब्दशः अनुवाद केल्यास गुंज आणि आंबा एकाच वर्गात पडतील, आणि वाचक कोयीला गुंजेचा इलाज करू लागेल. म्हणून अशा बियांना ‘साठवण-असहिष्णु’ व टणक कवचाच्या बियांना ‘गणंग’ म्हणणे अधिक सोयीचे होईल. पहिली संज्ञा बोजड असली तरी फसवी नाही. दुसरी घराघरांतील आहे आणि तिचा मूळ अर्थ शास्त्रीय अर्थाशी बहुतांशी जुळतो.

वाण टिकवण्याच्या कामी या भेदाचे महत्त्व मोठे आहे. नॉर्वेतील स्वालबार येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या बीजकोठारात वाळवलेल्या बिया उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवल्या जातात. आंब्याच्या कोयीला तेथे स्थान असू शकत नाही, तिचे कोठार म्हणजे उभे झाड हेच. आणि वाळवता येणाऱ्या बियांनाही कोठार म्हणजे अमरत्व नव्हे. त्या ठरावीक काळाने पेरून नव्या कराव्या लागतात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बियाणे जतन करून शेतकऱ्यांत वाटण्याचे जे काम केले आणि ज्यासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्याचे मोल या दृष्टीने ध्यानी येते. दर काही वर्षांनी पेरले जाणारे बी म्हातारे होण्याची वेळच येत नाही.

जुने बी हाती आले असता प्रथम ते फुगते की नाही हे पाहावे; न फुगल्यास वाट पाडावी, फुगून न उगवल्यास कारण शोधावे आणि फुगून कुजल्यास पुढच्या दाण्यांना पाणी हळू द्यावे. ‘बी मेले’ हा निर्णय या तिन्ही गोष्टी करून झाल्यावरच द्यावयाचा असतो.